चाळ, बिल्डर आणि उरलेली सही : पुनर्विकासावर रहस्यकादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

लालबाग, परळ, करी रोड, शिवडी या गिरणगावच्या पट्ट्यातील एखादी चाळ पाडून तिच्या जागी टॉवर उभा राहतो, त्या घडामोडीवर रहस्यकादंबरी लिहावी असे ज्यांच्या मनात आहे आणि ज्यांनी यापूर्वी अशी कादंबरी लिहिलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी या वाटेने गेलो आहे. चाळीच्या समितीत बसून सभा, नोटिसा आणि संमतीपत्रांचे गठ्ठे जवळून पाहिल्यानंतर कादंबरी लिहायला घेतली आणि त्या दोन्ही कामांतून जे हाती लागले ते येथे क्रमाने मांडत आहे.

बहुतेक नवे लेखक पहिल्या प्रकरणात एक प्रेत ठेवतात आणि पुनर्विकास मागे पडद्यासारखा टांगतात. माझे मत याच्या उलट आहे. पुनर्विकासाच्या प्रक्रियेतच मुदत आहे, याद्या आहेत, खोटे दस्त आहेत, दिलेला आणि मोडलेला शब्द आहे आणि चाळीस वर्षे एका नळावर पाणी भरलेल्या शेजाऱ्याविषयीचा संशयही आहे. खून घ्यायचाच असेल तर तो या प्रक्रियेच्या पोटातून यावा. ती प्रक्रिया नीट समजली नाही तर कादंबरी कोणत्याही शहरात घडू शकेल अशी होते, आणि लालबागच्या वाचकाला ती दुसऱ्याच पानावर खोटी वाटू लागते.

आधी जमवायची सामग्री

- बृहन्मुंबईची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४; त्यातील ३३(५), ३३(७), ३३(९) आणि ३३(१०) एवढे विनियम वाचले तरी पुरे.
- महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आणि महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम १९७६, म्हणजे म्हाडाचा कायदा.
- एखाद्या खऱ्या मालमत्तेचे मालमत्ता पत्रक आणि नोंदणीकृत कराराचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातील त्या कराराचा गोषवारा. हे दोन्ही कागद रीतसर शुल्क भरून मिळतात.
- महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरील दोन-तीन पुनर्विकास प्रकल्पांची पाने. प्रकल्पाची मुदत, मुदतवाढ आणि चालू खटले तेथे कोणालाही विनामूल्य पाहता येतात.
- ओळखीच्या घरातील जुन्या भाडेपावत्या, पाहण्यापुरत्या. छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी घ्यावी.
- परिसराचा हाताने काढलेला नकाशा आणि चाळीचा मजलावार आराखडा, खोलीक्रमांकांसह.

१. इमारत कोणत्या प्रकारची, हे सर्वप्रथम ठरवा

मुंबईत ‘जुनी इमारत’ नावाची एकच वस्तू नाही. खाजगी मालकाची आणि पागडीच्या (एकदाच ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्याने राहणाऱ्या) भाडेकरूंची चाळ असेल तर ती बहुधा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी असते. तिच्या दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते आणि तिचा पुनर्विकास ३३(७) खाली, किंवा आजूबाजूच्या इमारती एकत्र केल्या तर ३३(९) खाली समूह पुनर्विकास म्हणून होतो. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत ‘अ’ वर्गात मोडते, आणि गिरणगावातील बहुतेक चाळी याच वर्गातल्या आहेत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी मात्र १९२० च्या दशकात सरकारनेच बांधल्या. तेथे खाजगी मालक नाही, १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर देणारी योजना म्हाडा राबवते आणि म्हणून तेथे बिल्डर दारोदार सह्या मागत फिरतो आहे असे दृश्य लिहिता येत नाही. झोपडपट्टीला ३३(१०) लागू होते, तिचा सगळा जीव पात्र-अपात्र ठरवणाऱ्या परिशिष्ट दोन या रहिवाशांच्या यादीत असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेची गोष्ट आणखी वेगळी, कारण तेथे सभासद हाच मालक असतो.

पहिल्या कादंबरीसाठी मी खाजगी उपकरप्राप्त चाळच सुचवीन. तिच्यात मालक, भाडेकरू, बिल्डर, म्हाडा आणि महापालिका असे पाच पक्ष असतात आणि प्रत्येकाकडे दुसऱ्यापासून लपवण्यासारखे काही ना काही असते.

२. काळ ठरवा आणि त्या काळाचे नियम पाळा

कथानकाचे वर्ष ठरल्याशिवाय एक ओळही लिहू नका, कारण या विषयात वर्ष बदलले की कायदा बदलतो आणि कायदा बदलला की पात्रांची ताकद बदलते. पुढील काही तारखा भिंतीवर लावून ठेवाव्यात.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो अधिकृतपणे मागे कधीच घेतला गेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप केवळ रिकाम्या जमिनीपुरते उरले, म्हणजे गिरणीच्या बांधकामाखालची जमीन वाटपातून सुटली. उच्च न्यायालयातील निकाल मालकांच्या विरोधात गेला होता, परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहण्याचा वेग त्यानंतर वाढला, आणि जाहिरातींतून लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ झाले.

हा इतिहास कादंबरीत सांगत बसू नका. संपाविषयी तीन पानांचे निवेदन घालण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ते वाचक ओलांडून पुढे जातो. साठी ओलांडलेल्या पात्राने गिरणीच्या हिशेबाचा कागद ट्रंकेत जपून ठेवलेला असावा आणि तो त्याने कोणाला दाखवावा किंवा दाखवू नये, एवढ्यावर भागते.

३. कथेचे घड्याळ म्हणजे संमतीची टक्केवारी

रहस्यकादंबरीला घड्याळ लागते, आणि येथे ते आयते मिळते. ३३(७) खाली बिल्डरला किंवा मालकाला प्रस्ताव पुढे न्यायचा तर भाडेकरूंची लेखी संमती हवी असते. पूर्वी हे प्रमाण ७० टक्के होते, नव्या नियमावलीत ते ५१ टक्क्यांवर आले. तुमच्या चाळीत ४८ खोल्या आणि तळमजल्यावर ४ गाळे आहेत असे धरा. एकूण ५२ भाडेकरू झाले. जुन्या नियमाने ३७ सह्या लागत, नव्या नियमाने २७ पुरतात. म्हणजे ज्या दहा कुटुंबांची पूर्वी मनधरणी करावी लागे, त्यांच्याकडे आता कोणी फिरकण्याचीही गरज उरत नाही. हा एक बदल पात्रांच्या आयुष्यात केवढी उलथापालथ करतो, ते लिहायला घेतल्यावर कळेल : काल ज्याच्या दारात मिठाईचा पुडा घेऊन माणसे उभी होती, त्याला आज कोणी जिन्यात ओळखही देत नाही.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी किती सह्या झाल्या हे तुम्हाला, लेखक म्हणून, माहीत असले पाहिजे. वाचकाला तो आकडा प्रत्येक वेळी सांगण्याची गरज नाही, पण मधूनमधून सांगितल्यास ताण आपोआप वाढतो. पंचविसावी सही कोणाची, सव्विसावी कोणत्या आमिषाने मिळाली आणि सत्ताविसावी देणारा माणूस त्या रात्री घरी का आला नाही, ही तुमच्या कादंबरीच्या मध्यभागाची तीन प्रकरणे आहेत.

*येथे फसगत होते :* शेवटपर्यंत सही न देणारा एकटा म्हातारा संपूर्ण टॉवर अडवून धरतो, हे दृश्य नाट्यमय असले तरी उपकरप्राप्त इमारतीत कायद्याने टिकत नाही. आवश्यक संमती पूर्ण होऊन मंडळाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळाले की खोली रिकामी न करणाऱ्यांना म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली निष्कासित करता येते. तेव्हा तुमच्या हट्टी म्हाताऱ्याची ताकद त्याच्या नकारात ठेवू नका. ती त्याच्या माहितीत ठेवा. त्याला असे काही माहीत असावे की ज्यामुळे आधीच झालेल्या सह्यांतील काही सह्या बाद होतील. मग तो सही देतो की नाही हा प्रश्न उरत नाही, तो बोलतो की नाही हा प्रश्न उरतो, आणि तो अधिक धोकादायक आहे.

४. हेतू पैशात शोधा, आणि पैसा चटईक्षेत्रात

‘बिल्डर लोभी आहे’ हा हेतू नव्हे. लोभ नेमका कोठून फायदा काढतो हे दाखवता आले पाहिजे. ३३(७) ची गणिते किचकट आहेत, परंतु कादंबरीकाराला लागणारा गाभा साधा आहे : जितक्या भाडेकरूंचे पुनर्वसन, तितके पुनर्वसनाचे क्षेत्रफळ मोठे, आणि त्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात बिल्डरला बाजारात विकण्यासाठी प्रोत्साहनपर चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क मिळतो. प्रत्येक निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर द्यावे लागते, मग त्याची मूळ खोली दहा बाय बाराची का असेना. म्हणजे कागदावर एक भाडेकरू वाढला की एक घर वाढते आणि त्याच्याबरोबर विक्रीचे क्षेत्रही वाढते. जो भाडेकरू कधी अस्तित्वातच नव्हता तो या व्यवहारात सर्वांत किफायतशीर असतो, कारण तो भांडत नाही, बांधकाम चालू असतानाच्या तात्पुरत्या घराचे (ट्रान्झिटचे) भाडे मागत नाही आणि सभेला येत नाही.

यावर शासनाने एक तारीख घातली आहे : १३ जून १९९६. त्यानंतर निर्माण केलेली भाडेदारी चटईक्षेत्राच्या हिशेबात धरली जात नाही. रहस्यकथेला याहून चांगली तारीख मिळणार नाही, कारण खोटा भाडेकरू उभा करायचा तर त्याची भाडेपावती त्या तारखेच्या आधीची बनवावी लागते आणि बनवलेला जुना कागद कोठेतरी चुकतोच.

तो कोठे चुकतो, ते जरा बारकाईने पाहू. मालकाच्या मेहताजीकडे, म्हणजे भाडे वसूल करणाऱ्या कारकुनाकडे, पावतीपुस्तक असते : लांबट, पातळ कागदाचे, मूळ प्रत भाडेकरूला फाडून दिलेली आणि स्थळप्रत पुस्तकात राहिलेली. वर ट्रस्टचे किंवा मालकाचे नाव इंग्रजीत छापलेले, खाली खोलीक्रमांक, महिना, भाड्याची रक्कम, दुरुस्ती उपकराची रक्कम आणि मेहताजीची सही. आता १९९४ सालची म्हणून दाखवलेली पावती तुमच्या तपास करणाऱ्या पात्राच्या हाती द्या. मालकाच्या कचेरीचा दूरध्वनी क्रमांक तीवर आठ आकडी आहे. मुंबईतील दूरध्वनी क्रमांकांच्या आधी ‘२’ लागून ते आठ आकडी झाले २००२ मध्ये. पत्त्याच्या शेवटी शहराचे इंग्रजी नावही आजचे आहे. ते अधिकृतपणे बदलले १९९५ मध्ये. छपाई करणाऱ्याने चालू पुस्तकाचाच साचा वापरला आणि कोणी पाहिले नाही. पावती वाचून दाखवण्याची गरज नाही. पात्राने तो क्रमांक बोटाने मोजावा, पुन्हा मोजावा आणि पावती घडी करून पाकिटात ठेवावी. चौकस वाचकाला तेवढे पुरते, आणि इतरांसाठी उलगडा पुढच्या प्रकरणात येतोच.

अशा खुणा आणखी हव्या असतील तर विजेचे बिल पाहा. शहर भागात वीजपुरवठ्याचे जुने नाव बेस्ट हे आहे. लालबागच्या चाळीत उपनगरातील वीजकंपनीचे बिल दाखवलेत तर रहस्य तुमच्यावरच उलटेल. मतदार यादी आणि शिधापत्रिका हेही नेहमीचे पुरावे आहेत, आणि तिन्ही कागदांवर एकाच माणसाचे वय वेगवेगळे असणे ही आपल्याकडे संशयाची गोष्ट नसून रीतच आहे, याचे भान तपास करणाऱ्या पात्राला असू द्या.

५. धोका इमारतीतच आहे

धमकीचे फोन आणि गुंड यांचा वापर जपून करावा. या विषयातील खरी भीती भिंतीच्या तड्यातून येते. महापालिका इमारतींचे संरचनात्मक परीक्षण पाहून वर्गवारी करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. त्याखालच्या वर्गांत दुरुस्ती शक्य असते. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३५४ खाली नोटीस येते, आणि उपकरप्राप्त इमारतींपैकी अतिधोकादायक इमारतींची यादी म्हाडा दर पावसाळ्यापूर्वी जाहीर करते.

आता दोन अहवाल घ्या. मालकाच्या अभियंत्याने इमारत सी-१ ठरवली आहे, भाडेकरूंच्या अभियंत्याने दुरुस्तीयोग्य. असे परस्परविरोधी अहवाल आले की प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते. तुमच्या वाचकाला शेवटपर्यंत ठरवता येऊ नये की चाळ खरोखरच पडायला आली आहे की कोणी तसे भासवत आहे. आणि माझा आग्रह असा की या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही’ असावे. अहवाल पैसे देऊन लिहून घेतलेला असू शकतो आणि तरीही तुळई कुजलेली असू शकते. चांगल्या रहस्यकादंबरीत खोटारडा माणूसही कधीतरी खरे बोलतो.

तळमजल्यावर खांबाशी केलेली छेडछाड हा मार्ग अनेकांना सुचतो. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला सतरा माणसे गेली, ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारात तेहेतीस. या घटनांची माहिती अवश्य मिळवा, परंतु त्यांतील खऱ्या कुटुंबांचे तपशील उचलून कथेत घालू नका. ती माणसे आजही याच शहरात राहतात.

२०२२ साली म्हाडा कायद्यात आलेल्या कलम ७९-अ चाही उपयोग करता येईल. अतिधोकादायक ठरलेल्या इमारतीबाबत आधी मालकाला सहा महिने, त्याने काही केले नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि तरीही काही घडले नाही तर म्हाडा इमारत ताब्यात घेऊ शकते, असा तो क्रम आहे. कोणीतरी मुद्दाम सहा महिने वाया घालवत आहे, या एका कल्पनेवर अख्खी उपकथा उभी राहू शकते.

६. पात्रे : खलनायक एकाच खोलीत कोंबू नका

बिल्डर प्रत्यक्षात क्वचितच दिसतो. कथेतही त्याला फार दाखवू नये. रोज दिसतात ते इतर : समितीचा सचिव, ज्याने पंधरा वर्षे फुकट धावपळ केली आणि आता एकदाच काही घेतले, डोंबिवलीला राहणारा मुलगा, ज्याला वडिलांची खोली विकून कर्ज फेडायचे आहे, गाळेवाला, ज्याला घर नको, रस्त्याच्या बाजूचाच गाळा हवा, मालकाच्या ट्रस्टमधील तिसरी पिढी, जिला चाळ कोठे आहे हेही नीट ठाऊक नाही, आणि म्हाडाच्या मजल्यांवर फाइल फिरवणारा लायझनवाला, ज्याला सगळे ठाऊक आहे. यांतील प्रत्येकाचे म्हणणे ऐकले तर पटेल असे असावे.

दोन पात्रे खास गिरणगावची आहेत आणि ती वापरलीच पाहिजेत. पहिले म्हणजे गावकीची खोली. कोकणातील किंवा घाटावरील एकेका गावाने मुंबईत खोली घेऊन ठेवलेली असे. गिरणीत लागलेला पोरगा तेथे उतरे, पाळीपाळीने झोपे आणि खाणावळीत जेवे. भाडेपावती मात्र कोणा एकाच्या नावावर असते आणि तो मनुष्य कधीच वारलेला असतो. भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा विचार आहे; अख्ख्या गावाचा विचार त्यात कसा असणार? त्या खोलीची सही कोणी द्यायची, या एका प्रश्नासाठी गावच्या देवळात बैठक भरू शकते, आणि तेथे मुंबईची बातमी मुंबईच्या आधी पोचलेली असते.

दुसरे म्हणजे खाणावळ चालवलेली बाई. तिने चाळीस-पन्नास कामगारांना वर्षानुवर्षे जेवू घातले, त्यांची उधारी वहीत लिहिली. कोणत्या खोलीत कोण कोणत्या साली राहत होते, याची जी नोंद मालकाकडे नाही, म्हाडाकडे नाही, ती तिच्या वहीत असते. पुढचे तुम्हाला सुचले असेलच.

संबोधनांकडे लक्ष द्या. चाळीत कोणी कोणाला ‘मिस्टर’ म्हणत नाही. सचिवाला ‘भाऊ’, वरच्या माळ्यावरच्या बाईंना ‘काकी’ किंवा ‘वहिनी’, वयस्क कामगाराला ‘तात्या’ किंवा ‘मामा’ म्हणतात. आणि भांडण विकोपाला गेले की तोच सचिव एकदम आडनावाने, ‘अहो’ लावून हाकारला जातो. चाळीत ‘अहो’ हा कित्येकदा तुटलेल्या संबंधाचा पुरावा असतो.

७. पोलिसांची भाषा तपासून घ्या

मृत्यू संशयास्पद असेल तर प्रथम बहुधा अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते आणि त्यानंतर गुन्हा दाखल होतो. पहिल्याच तासाला तपास अधिकारी ‘हा खून आहे’ असे जाहीर करत नाही. कथानक १ जुलै २०२४ नंतरचे असेल तर खुनासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ येईल, त्यापूर्वीचे असेल तर भारतीय दंड संहितेचे ३०२. खोट्या दस्तांचे आणि मोठ्या फसवणुकीचे प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे जाऊ शकते, परंतु स्थानिक पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी स्वरूपाचे आहे’ असे ऐकून तक्रारदार किमान एकदा परत येतो. हे वाक्य तुमच्या कादंबरीत असलेच पाहिजे.

८. परिसराला कामाला लावा

वर्णन वेगळे लिहू नका. कथेतील कृतीला परिसराने मदत करावी किंवा अडवावे. एक उदाहरण देतो. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागचे रस्ते दर्शनाच्या रांगांनी तुडुंब असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच दिवसांत चाळीतील निम्मी कोकणी कुटुंबे गौरी-गणपतीला गावी गेलेली असतात. खाली पाय ठेवायला जागा नाही आणि वर गॅलरीत ओळीने कुलपे. ढोलताशांत काहीही ऐकू जात नाही, पोलीस सगळे बंदोबस्ताला, आणि साक्षीदार होऊ शकणारे शेजारी सावंतवाडीला. कागद चोरायचा असो की माणूस नाहीसा करायचा असो, मुहूर्त हाच. बाहेरच्या लेखकाला गर्दी दिसते; रिकामी गॅलरी मात्र तेथे राहिलेल्यालाच सुचते.

समोरच्या टॉवरमध्ये राहायला आलेल्यांनाही चेहरा द्या. भाड्याच्या घरात राहणारी, रात्रपाळीहून परतणारी एखादी तरुणी विसाव्या मजल्यावरून चाळीची अख्खी गॅलरी पाहू शकते. तिच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई त्याच चाळीतील आहे. अशी एक जोडी असली की दोन्ही जगांमध्ये बातमी ये-जा करते.

९. शेवट किल्ली मिळण्यावर करू नका

पुनर्विकासाच्या कथा किल्लीवाटपाच्या समारंभाशी थांबतात. प्रत्यक्षात तेथून दुसरा अंक सुरू होतो. संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेलेली काही कुटुंबे परत येतच नाहीत. जी येतात त्यांच्या हाती लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षक यांचा देखभाल खर्च पडतो आणि कॉर्पस फंडाचे (देखभालीसाठी बिल्डरने दिलेल्या ठेवीचे) व्याज त्याला पुरत नाही. मग घर भाड्याने देऊन कुटुंब बदलापूरला जाते. गुन्हेगार सापडला, यादी दुरुस्त झाली, टॉवर उभा राहिला आणि चाळीतले लोक तरीही गेले, असा शेवट लिहिण्याचे धैर्य ठेवा. तो कोणालाही पकडून देण्यापेक्षा अधिक खरा आहे.

१०. हस्तलिखित झाल्यावर

प्रथम ते एखाद्या वास्तुविशारदाला किंवा पुनर्विकासाचे काम पाहणाऱ्या वकिलाला वाचायला द्या, आणि त्याला फक्त प्रक्रियेतील चुका शोधायला सांगा. भाषेवर मत विचारू नका, कारण ते दिल्याशिवाय तो राहणार नाही. काही तपशील सरकारी फाइलीतून हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा : शुल्क १० रुपये, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असा मोघम अर्ज मोघम उत्तर आणतो. फाइल क्रमांक आणि वर्ष लिहावे.

त्यानंतर नावांची छाननी करा. कल्पित बिल्डरचे नाव महारेराच्या यादीत आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधून पाहा; जुळले तर बदला. चाळीचे नाव, मालकाचे आडनाव आणि ट्रस्टचा धर्म-प्रांत यांचा मेळ एखाद्या खऱ्या मालमत्तेशी बसत असेल तर त्यांपैकी किमान दोन गोष्टी हलवा. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही ओळ छापावी, परंतु बदनामीच्या तक्रारीपुढे, जी आता न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते, ती ओळ एकटी पुरेशी ठरत नाही.

प्रकाशकाशी करार करताना छापील आवृत्ती, ई-बुक, ऑडिओ आणि दृश्य माध्यम हे हक्क स्वतंत्र कलमांत लिहून घ्या आणि प्रत्येकाची मुदत नमूद करा. स्वतः प्रकाशित करणार असाल तर आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो; तो मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला देऊ नका. आणि सही करण्यापूर्वी कराराचे प्रत्येक पान वाचा, जोडपत्रांसह.